मागच्या पिंजऱ्यातले लावे

तुकिरानला गावात कुणी वाईट म्हणत नसे. ब्लितारच्या बाजारात त्याच्या लाव्यांना तोड नव्हती. छाती एवढी भरायची, की पाखराला स्वतःच्या पायांवर उभं राहणं जड जायचं. बाप होता तेव्हा खाद्यात हळद नि लसूण कालवायचा. पाखरं निरोगी, पण हडकुळी. बाप गेला आणि तुकिरान शहरातून बिननावाची पावडर आणू लागला. ती घातली की मांस दीडपट. कापायच्या आधी आठवडाभर बंद करा, नाहीतर ती मांसात उरते, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण त्या आठवड्यात वजन उतरतं, मग कोण बंद करतोय! हावरट मेला.

घरच्यासाठी मात्र विहिरीमागे वेगळा पिंजरा होता, हळद-लसणाचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बायकोला, लास्मीला, त्यानं सांगितलं होतं, की मला बाबांच्या वेळची चव लागते. तिला बिचारीला ते खरं वाटलं. कुणी त्या पिंजऱ्याविषयी विचारलं की तो बाजारभावाचं बोलणं काढायचा. हे बाहेर फुटलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

बाप गेल्याचा हजारावा दिवस आला, त्याच्या नावानं जेवण घालायचा. गल्लीतले पुरुष चटईवर बसले, दुआ झाली, मधोमध भात आणि तळलेले लावे आले, पुढच्या, विक्रीच्या पिंजऱ्यातले. शेजारचा सुरिप बोटं चाटत म्हणाला, की तुझ्या बापाची पाखरं म्हणजे नुसती हाडं, तू नाव काढलंस. तुकिरान खुशीत हसला. तेवढ्यात त्याची लहानगी नात वेनिंग मांडीवर येऊन बसली आणि समोरची तंगडी उचलून तिनं तोंडाशी नेली. त्यानं फाडकन तिच्या हातावर मारलं.

"ते आपलं नाही!"

पोरीनं भोकाड पसरलं. चटईवर कुणी चावेना. सुरिपनं तोंडातला घास काढून केळीच्या पानावर ठेवला.

"मग कुणाचं, पाक तुकिरान?" त्यानं आदराचं ‘पाक’ न सोडता शांतपणे विचारलं. "आमच्या पोरांचं?"

आमच्याकडे तोंडावर कुणी भांडत नाही. सगळ्यांनी वाकून निरोप घेतला, घरी न्यायचे भात-लाव्याचे डबेही रीतीप्रमाणे उचलले. तुकिरानला वाटलं, निभावलं.

सकाळी दार उघडलं तर ओसरीवर ते डबे परत आलेले, दोऱ्याही न सोडता. मेलेल्या माणसाच्या नावाचं अन्न कुणी परत केल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. लास्मी बाहेर आली आणि तिनं डबे मोजले.

"शाळेच्या दारात मी रोज हेच तळून विकते," ती म्हणाली. "मला तरी सांगायचं होतंत."

तिनं एक डबा सोडला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"खा."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. खा म्हणते ना."

तुकिरान खाली बसला. शेजारच्या अंगणांतून माणसं बघत होती. त्यानं डबा मांडीवर घेतला, आणि लाव्याच्या बाजूबाजूचा भात तेवढा खाल्ला.