आवरलेला हॉल

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, लाँड्रीत इस्त्री करायच्या. माणूस दारात आला की त्या आधी त्याची कॉलर बघायच्या, मग तोंड. गल्लीत त्यांना 'कडक इस्त्री' म्हणायचे आणि हे त्यांना ठाऊक होतं. म्हणायच्या, चुरगळलेली तर म्हणत नाहीत ना, मग म्हणू देत. पाहुणा येणार असं नुसतं कळलं तरी त्यांच्या घरातल्या खुर्च्यांचे पायसुद्धा पुसले जायचे. मी पडले पसाऱ्यात सुखाने झोपणारी बाई, त्यामुळे आमचं दोघींचं यावरून कायम वाजायचं.

त्यांचे यजमान, आमचे भावोजी, ट्रक चालवायचे. भारी बोलका माणूस. एकदा सकाळी कामावर निघताना बूट घालता घालता कोसळले ते कोसळलेच. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उजव्या हाताला चिमटा काढला तरी त्यांना कळत नसे. डोळे मात्र सगळं बोलायचे. वन्संनी कशावरून कुणाला झापलं की ते डाव्या डोळ्याने मला खूण करायचे.

बसस्टॉपच्या मागे सरकारी डे केअर सेंटर होतं. एक लांबलचक हॉल, त्यात खाटा, चाकाच्या खुर्च्या, भिंतीला धरून चालायचा दांडा. वन्सं सकाळी भावोजींना तिथे सोडायच्या आणि लाँड्रीत जायच्या. तिथल्या बायका त्यांना शौचाला नेत, भरवत, हातपाय हलवून घेत. संध्याकाळी वन्सं त्यांना घेऊन यायच्या. सेंटर होतं म्हणून नोकरी होती आणि नोकरी होती म्हणून दोघांचं चाललं होतं, यात न कळण्यासारखं काही नाही. पण शिकल्यासवरल्या माणसांना नेमकं तेच कळत नाही.

वर कुठेतरी नवीन धोरण शिजलं. सेंटरं बंद करायची आणि 'घरपोच आधार' द्यायचा. घरपोच आधार म्हणजे काय, असं मी सेंटरच्या मुख्य बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आठवड्यातून एकदा फोन येईल. फोन! ज्या माणसाला हॅलो म्हणता येत नाही त्याला फोन. पण म्हणे अजून काही पक्कं नाही, आधी लोकांचं म्हणणं ऐकणार. त्यासाठी जनसुनावणी होणार आणि ती सेंटरच्याच हॉलमध्ये होणार, असा कागद दारावर लागला. त्या दिवशी सेंटरचं रोजचं काम बंद.

वन्सं हरखून गेल्या. साहेब लोक स्वतः येणार, आपलं ऐकणार. त्यांनी त्याच दिवशी सगळ्या घरवाल्यांना गाठून सांगितलं की आपापल्या माणसाची त्या दिवशी दुसरीकडे सोय करा. मी म्हटलं, अहो वन्सं, उलट सगळ्यांना आणून बसवा. खाटा असू देत, भांडी असू देत, लाळ गळू दे. त्यांना बघू दे की काय असतं ते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू उघड्यावर अंघोळ करायला सांगितलीय.

"घरी आलेल्याला आपण मोरी दाखवतो का गं?" त्या म्हणाल्या.

आदल्या दिवशी सात-आठ बायका कंबर कसून लागल्या. खाटा, खुर्च्या, लघवीची भांडी, सगळं मागच्या खोलीत कोंबून कडी घातली. फिनेलने फरशी तीनतीनदा पुसली. टेबलावर घालायच्या चादरी वन्संनी लाँड्रीतून खळ देऊन आणल्या. मीसुद्धा बोटं मोडत का होईना, खिडक्या पुसल्या. संध्याकाळी हॉल इतका लख्ख दिसत होता की कुणी लग्नासाठी भाड्याने घेतला असता.

सुनावणीला साहेब आले, दोन बाईसाहेब आल्या, फोटो काढणारा एक पोरगेला माणूस आला. भिंतीवर मोठे तक्ते लावले. 'सन्मानाने जगणे', 'घराजवळची सेवा', 'लवचीक आधार', असं काय काय लिहिलेलं. आम्हाला हिरव्या टिकल्या वाटल्या आणि सांगितलं, जे मनाला पटेल त्याखाली चिकटवा. आता सन्मानाने जगायला नको, असं कोण म्हणेल? वन्संनी सगळे तक्ते वाचले आणि विचारलं की सेंटर चालू राहू दे, हे कुठे आहे. एका बाईसाहेबांनी गोड हसून खालच्या कोपऱ्यातला 'इतर' दाखवला. वन्संनी तिथे टिकली लावली, वाकडी लागली म्हणून उचलून पुन्हा सरळ लावली.

मग त्यांना बोलायला माइक दिला. घरी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, पण तिथे आवाज कापत होता. सेंटर बंद झालं तर मला नोकरी सोडावी लागेल, नाहीतर ह्यांना कुलूप लावून घरात ठेवावं लागेल, एवढंच त्यांनी सांगितलं. साहेब मान डोलवत होते. त्यांची मान पंख्यालासुद्धा डोलत होती. तेवढ्यात त्यांचं लक्ष हॉलकडे गेलं आणि ते म्हणाले, वा, केवढी प्रशस्त, मोकळी जागा आहे. फोटोवाल्याने चार बाजूंनी हॉलचे फोटो काढले. वन्सं घरी येईपर्यंत हेच घोळवत होत्या की साहेब खूश झाले. मला तेव्हाच काहीतरी खुपलं होतं, पण त्यांच्या आनंदावर विरजण घालवेना.

पुढे निर्णय सांगायला मोठ्या ऑफिसात बोलावलं. गार खोली, मऊ खुर्च्या, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकत होती आणि 'इतर' दाखवणाऱ्या त्या बाईसाहेब समजावून सांगत होत्या. बहुतेकांनी म्हणे सन्मानाच्या आणि घराजवळच्या सेवेच्या बाजूने कौल दिला. आणि मग पडद्यावर आला आमचा हॉल. चकचकीत फरशी, रिकामा. बाईसाहेब म्हणाल्या की प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी केंद्रात एकही लाभार्थी आढळला नाही, तेव्हा एवढी जागा अडवून ठेवणं योग्य नाही.

वन्सं उभ्या राहिल्या. साहेब, त्या दिवशी तुम्ही येणार होता म्हणून आम्हीच सगळं आवरलं होतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना हात जोडले. मला त्या जोडलेल्या हातांचीसुद्धा चीड आली.

साहेब शांतपणे म्हणाले, "आम्ही जे पाहिलं तेच लिहिलंय."

"आणि जे ऐकलं ते?" वन्संनी विचारलं.

त्याची नोंद घेतली आहे, असं म्हणून साहेबांनी पुढचं चित्र लावायला सांगितलं. बाहेर पडताना आम्हाला प्रत्येकी एक पेन दिलं, वर त्या धोरणाचं नाव छापलेलं. मी ते जिन्यातच फेकलं. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण आपण पुसलेल्या फरशीचा पुरावा करून आपल्यालाच हाकलणारी ही जात मी पहिल्यांदा बघितली. वन्सं मात्र रस्ताभर स्वतःलाच बोल लावत होत्या. मी आवरलं, मी सगळ्यांना घरी बसवलं, आपल्या पायावर धोंडा मीच पाडला. मी म्हटलं, धोंडा तुमचा नाही, त्यांचा आहे. पण त्यांना ऐकूच येत नव्हतं.

सेंटरला कुलूप लागलं. वन्संनी नोकरी सोडली आणि घरीच इस्त्रीचे कपडे घ्यायला लागल्या. खोली एक, त्यातच खाट, त्यातच टेबल. भावोजींना खुर्चीत टेबलाजवळ बसवायच्या, म्हणजे डोळ्यांसमोर राहतील. एके दिवशी दारावर गिऱ्हाईक आलं म्हणून त्या क्षणभर उठल्या. भावोजींचा उजवा हात घसरून गरम इस्त्रीला टेकला. त्यांना काही कळलंच नाही. वास आला तेव्हा वन्संना वाटलं, कुणाचा तरी शर्ट जळला. वळून बघतात तर भावोजी खिडकीबाहेर बघत शांत बसलेले. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. सांगून झाल्यावर नळाखाली हात धूत राहिल्या, किती तरी वेळ.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच बाईसाहेब घरी आल्या. नव्या योजनेबद्दल लोकांचा अनुभव जाणून घ्यायचा होता. येणार असं आधी कळवलेलं, म्हणून मी घाईघाईने मदतीला गेले. एरवी मी पसारेवाली, पण मलाही वाटलं की वन्संची लाज राखावी. बघते तर खाटेखालचं भांडं भरलेलं तसंच. भावोजींच्या हाताची पिवळी पडलेली पट्टी बदललेली नाही, अंगाखालची चादर ओली. मी भांडं उचलायला वाकले तर वन्संनी माझा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

बाईसाहेब आत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. हात पर्समध्ये गेला, रुमाल बाहेर आला आणि नाकावर बसला. त्या म्हणाल्या, दोनच प्रश्न आहेत, दारातच विचारते. वन्संनी खाटेला लागून असलेली खुर्ची पुढे ओढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाहुण्याची खुर्ची पुसली नाही. हे बघायची मी इतके दिवस वाट बघत होते, पण माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"बसा," वन्सं म्हणाल्या. "आज घर आवरलेलं नाही. तो रुमाल काढा आणि मग विचारा काय विचारायचं ते."