दुधाच्या पातेल्यावरचं पान

आमच्या घरात दगड नाही अशी एकच जागा आहे, ती म्हणजे माझी उशी. बाकी बघाल तिथे दगड. खिडकीत दगड, जिन्याखाली दगड, जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग तर कधीचाच गेला. पाहुणा आला की त्यानं ताट मांडीवर घ्यायचं. आणि प्रत्येक दगडात एक झाडाचं पान. फार फार पूर्वी चिखलात पडलेलं. चिखलाचा झाला दगड आणि पानाचा राहिला ठसा. हे सगळं आमच्या ह्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय, की झोपेतसुद्धा घडाघडा म्हणून दाखवीन.

ह्यांचा धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा ठसा पाठवतात, हे पुढच्या खोलीत बसून त्यावरून साचा काढतात, मेणाची हिरडी बसवतात, दात लावतात, घासतात, चमकवतात. आठवडाभर ठसे बघून पोट भरत नाही म्हणून की काय, रविवारी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत जाऊन आणखी ठसेच शोधायचे. हत्यारंही तीच. ज्या टोचणीनं कुणाची तरी दाढ कोरायची, तिनंच पानाच्या शिरेवरची माती काढायची. मी म्हणते, "अहो, मधे धुता तरी का?" तर म्हणतात, "पानाला काय होतंय?" कपाळ माझं! मला काय पानाची काळजी आहे?

पान ओळखायचं म्हणजे आधी शिरा बघायच्या. मधली शीर जाड की बारीक, बाजूच्या शिरा कडेपर्यंत जातात की अलीकडेच वळतात. मग कडा. कडेला दात असले की स्वारी खूश. मग ते दात वर वळलेत का, सारखे आहेत का, मधला एखादा पडलाय का, असं अगदी गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यासारखं चालतं. शेवटी पुस्तकांशी ताडून बघायचं आणि दगडाला नावाची चिठ्ठी चिकटवायची. एका पानावर दोन दोन महिने जातात. घरचा नळ गळत असतो.

त्यांचा एक नियम मात्र ऐकण्यासारखा आहे. हा दगड थराथराचा असतो. थरावर छिन्नी ठेवून हलकेच ठोकलं की त्याचे दोन भाग होतात, आणि त्याच पानाची खूण दोन्ही भागांवर उमटलेली असते. त्यातला एक अर्धा ह्यांचा. दुसरा अर्धा, दगड फुटताना जो कुणी धरून उभा असेल त्याचा. आणि एकदा दिला की दिला. परत मागायचा नाही, नुसता बघायलासुद्धा मागायचा नाही. गावात अशी अर्धी पानं कुठे कुठे पडली आहेत. पोस्टमनच्या खिडकीत एक आहे, आमच्या विहीणबाईंकडे एकानं दार अडवून धरलंय.

माझा अर्धा लग्नाच्या पहिल्या वर्षातला. "फिरायला जाऊ या," म्हणाले, म्हणून मी नव्या चपला घालून निघाले. मला वाटलं, बाग असेल. निघाली खाण! रागानं मी फणा काढलेला, आणि हे म्हणतात, "जरा हा दगड धरतेस?" धरला. ठोकला. उघडला. आत हातभर नाही, पण वीतभर तरी पान होतं, शीर न् शीर दिसत होती. ह्यांनी त्यातला एक अर्धा दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाले, "हा तुझा." त्यानंतर चपलांबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

नवा संसार, दागिना ठेवायला कपाट नाही, तिथे दगड कुठे ठेवणार? मांजर दुधावर टपलेलं असायचं, म्हणून पातेल्याच्या झाकणावर वजन ठेवलं. पानाची बाजू खाली केली की नीट बसतो. तेव्हापासून मांजरं बदलली, पातेली बदलली, दगड तोच.

ह्यांच्या अर्ध्यानं मात्र ह्यांची झोप उडवली. त्या पानाच्या एका कडेला छान दात, आणि दुसरी कड पार बोळकी. असं पान कुठल्याच पुस्तकात सापडेना. देठ बघून काही कळलं असतं, पण ह्यांच्या अर्ध्याचा देठाकडचा कोपरा ठोकतानाच उडाला होता. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, काहीतरी घोळ आहे. ह्यांना वाटलं नाही. म्हणायचे, "अर्ध्या दातांची तोंडं मी रोज बघतो. पानाचं का नसावं?" हे नवंच झाड आहे, कुणीच न बघितलेलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. एक दिवस ते संग्रहालयात लागेल आणि खाली आपलं नाव असेल, एवढं एकच स्वप्न माणसानं बघितलं हो. एरवी कधी कशाची इच्छा नाही. भाजी हवी असली तरी मागणार नाहीत, रिकाम्या ताटाकडे बघत बसतील, मला दिसेपर्यंत. ह्या न मागण्याचा मला जितका राग येतो तितका दगडांचा येत नाही.

शेवटी लेकीनंच त्या पानाचा फोटो संग्रहालयात पाठवून दिला आणि तिथल्या बाई एका दुपारी घरी आल्या. सकाळपासून ह्यांनी तीनदा शर्ट बदलला. बाई तरुण होत्या, बोलायला गोड. भिंग लावून बराच वेळ बघत राहिल्या. मी चहा घेऊन आले.

"ह्याचं देठ कुठंय?" बाईंनी विचारलं.

"उडालं ते."

"आणि दुसरा अर्धा?"

हे जरा गडबडले. "तो... दिलाय मी."

"कुणाला?"

"आहेत एक जण."

मी तिथे ट्रे धरून उभी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. एक जण म्हणे!

"मागून आणता येईल का? त्याशिवाय मला काहीच सांगता यायचं नाही."

"नाही हो," हे म्हणाले, "दिलेलं मी मागत नाही." आणि तोंड एवढंसं करून बशीतल्या चहाकडे बघत बसले. त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न बाई पर्समध्ये घालून परत निघाल्या होत्या, पण हा बाबा काही तोंड उघडेना.

मी तरातरा आत गेले, पातेल्यावरचा दगड उचलला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि बाईंपुढे ठेवला. "हे घ्या. मीच ती एक जण."

बाईंनी तो उलटा केला आणि एकदम हसल्या. "अहो काका, इकडे तर दोन देठ आहेत!"

"आहेतच मुळी," मी म्हटलं. "मी रोज बघते."

"दोन?" हे खुर्चीतून उठलेच. इतक्या वर्षांत त्यांनी माझा दगड उलटा करून बघितला नव्हता, नियम म्हणजे नियम. बाईंनी दोन्ही अर्धे शेजारी ठेवून समजावलं. एक दातेरी पान, एक साध्या कडेचं, एकावर एक पण जराशी सरकून पडलेली, म्हणून एक कड ह्याची दिसत होती आणि दुसरी त्याची. दोन्ही अगदी नेहमीची. दोघांचे चांगले नमुने आमच्याच खिडकीत चिठ्ठीसकट होते.

हे परत खुर्चीत बसले. मला वाटलं, कशाला आणला मी तो दगड, दुधावर बरा होता. आणि मग ह्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, तर हे हसत होते. "बोळकी तोंडं बघून बघून," म्हणाले, "माझंच डोकं बोळकं झालं की!" इतकं हसले की डोळे पुसावे लागले. ते नुसत्या हसण्याचं पाणी होतं असं मी म्हणणार नाही.

बाई म्हणाल्या, "काका, हे दोन्ही अर्धे मला हवेत. आमच्याकडे शिकायला येणारी मुलं नेमकी हीच चूक करतात. शेजारी शेजारी मांडून ठेवू, खाली तुमचं नाव. पण एकट्या अर्ध्याचा उपयोग नाही, जोडीच पाहिजे."

ह्यांचा चेहरा उजळला. मग माझ्याकडे बघितलं आणि परत विझला. बाई माझ्याकडे बघतायत, हे जमिनीकडे. मी टेबल पुसायला घेतलं. मनात म्हटलं, मागा. माझा जीव गेला तरी आता मी आपणहून देणार नाही. एकदा तरी मागा! ह्यांनी कप उचलला, रिकामा होता, तरी प्यायले. खाली ठेवला.

"अगं," म्हणाले, "तुझा दगड... देशील का मला?"

मी फडकं खाली ठेवलं. "देईन की!" मी म्हटलं. "त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं? पण चिठ्ठीवर माझंही नाव हवं. धरला मी होता." बाईंनी तिथल्या तिथे दोन्ही नावं लिहून घेतली.

त्या संध्याकाळी मांजरानं दूध पिऊन टाकलं. पुढच्या रविवारी हे दाराशी येऊन उभे राहिले. "येतेस का खाणीत?" आठ दिवसांत दुसऱ्यांदा मागणं! मी जुन्या चपला घातल्या. ह्या वेळी दगड त्यांनी धरला आणि हातोडी मला दिली. ठोकलं, उघडला. आत काही नाही. पान नाही, काडी नाही, कोराच. ह्यांनी तरी त्यातला एक अर्धा दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवला. "हा तुझा."

तोच आता दुधावर असतो. परवा मी कणीक मळत होते, तर हे स्वयंपाकघरात आले आणि पातेल्यापाशी घुटमळले.

"तुझा दगड जरा बघू का गं?"

"अहो, कोरा आहे तो."

"असू दे," म्हणाले, "बघू तर."

मी हात पुसले आणि दिला.