शंभरावरची लाल काठी

हसायचं तर खुशाल हसा, पण माझी एक अट आहे. मध्येच कोणी "या वयात हे उद्योग कशाला?" असं म्हणालं, तर हातातला चहाचा कप काढून घेईन. फजिती माझी आहे, ती मीच सांगणार. आमच्या मंडळातल्या बायका ती घाटकोपरभर सांगत फिरतात आणि दर खेपेला तिखटमीठ वाढवतात. परवा भाजीवालीने मला विचारलं, "आजी, ते कूलरचं खरं का हो?" म्हटलं, आता पुरे. मूळ प्रत माझ्याकडूनच घ्या.

मी शालन. वय बाहत्तर. शाळा सातवीपर्यंत. पुढे अंधेरीच्या एका रेडिओच्या कारखान्यात बावीस वर्षं सोल्डरिंग केलं. कुठली वायर कुठून निघते आणि कुठे जाते, हे मला कोणी शिकवायचं नाही. कॉम्प्युटरही मी माझा मीच शिकले. सुनेला एकदा विचारलं होतं. "आई, तुम्हाला नाही जमायचं," म्हणाली. झालं! त्या एका वाक्यावर मी लॅपटॉप शिकले. तिचे उपकारच म्हणायचे.

आमचं महिला भजन मंडळ आहे. नऊ जणी. पुढे गाते मी. पेटीवर प्रतिभा, शाळेतून निवृत्त झालेली बाई. आणि पखवाजावर इंदू. इंदू कुडाळकडची, समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. बोलते कमी, वाजवते जास्त.

गेल्या वर्षी दहिसरला स्पर्धा होती. परीक्षकाने आमच्या कागदावर दोनच शब्द लिहिले: "सूर उतरलेला." कोणाचा, ते लिहिलं नाही. पण सगळ्यांनी ठरवून टाकलं, पखवाजाचा! का? तर तो बाई वाजवते म्हणून! आयोजक तर तोंडावर म्हणाला, "काकू, पखवाजाला पुरुषाचा हात लागतो. चेंबूरला एक चांगला पखवाजी आहे, यंदा त्याला घ्या."

माझं डोकंच फिरलं. पण त्याहून राग आला तो आमच्या बायकांचा. यंदाच्या स्पर्धेचं पत्र आलं, तर अर्ध्या जणी माना डोलवत म्हणायला लागल्या, "घेऊया का गं त्याला? एका वर्षापुरतं?" इंदू तिथेच बसली होती. पखवाजाच्या खोळीची नाडी बांधत राहिली. बांधलेली सोडायची, परत बांधायची.

मी उठून उभी राहिले. "पखवाज इंदूच वाजवणार! तिचा सूर लागलेला आहे, याचा पुरावा मी आणते. कानाचा नाही, आकड्याचा!"

आता आकडा आणायचा कुठून? तर त्याचं एक सॉफ्टवेअर असतं, फुकट मिळतं. त्यात काही टाइप करायचं नसतं. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि एका चौकोनातून दुसऱ्यात वायर ओढायची. एक चौकोन माइकचा. दुसरा आवाज फोडून त्यातले जाड-बारीक सूर वेगळे करणारा. तिसरा त्या प्रत्येक सुराची उभी काठी काढणारा. जितका सूर मोठा, तितकी काठी उंच. पहिल्यांदा मी पेटीची एक पट्टी दाबली आणि पडद्यावर काठ्या सरसरून उभ्या राहिल्या, तेव्हा बावीस वर्षांचा कारखाना डोळ्यांसमोर आला. फरक एवढाच की इथे बोट भाजत नाही.

त्यात मी पदरचा एक चौकोन घातला. इथेच माती खाल्ली, पण ते नंतर. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा आवाज जिथे येतो, तेवढीच हद्द बघायची आणि त्यात जी काठी सगळ्यात जास्त वेळ टिकून राहील, ती लाल करायची. माझा हिशेब साधा होता. जो टिकतो तो खरा, बाकीचे आले-गेले. माणसांना लागू पडतं, म्हटलं आवाजालाही पडेल.

पखवाज माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्याच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात. कणीक जास्त झाली की आवाज खाली उतरतो, कमी केली की वर चढतो. आमची पट्टी काळी चार. त्या हिशेबाने डाव्या तोंडाची काठी एकशे चारच्या आकड्यावर उभी राहायला हवी.

स्पर्धेच्या आदल्या रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम ठेवली. प्लग एकाच कोपऱ्यात, पाण्याच्या कूलरपाशी. तिथे स्टुलावर लॅपटॉप ठेवला. सगळ्या जणी गोळा झाल्या. मी माइकवरून नाही, पण माइकवरून बोलल्यासारखी म्हणाले, "इंदू, वाजव!"

इंदूने थाप मारली. धूम्!

लाल काठी उभी राहिली. शंभरावर.

"परत."

धूम्! शंभर.

"इंदू, चार कमी पडतायत."

"चार काय? आणे?"

"सूर उतरलाय गं थोडा. काढ जराशी कणीक."

तिने नखाने थोडी खरवडली. धूम्! शंभर. आणखी काढली. शंभर. लिंबाएवढा गोळा निघाला. शंभर! काठी म्हणजे सरकारी खांब जसा, जागचा हलेना.

प्रतिभा पेटीवरून हळूच म्हणाली, "शालनताई, कानाला तर पखवाज पार चढल्यासारखा वाटतोय हो."

"कान म्हातारे होतात, प्रतिभा. मशीन होत नाही."

बघा, हे वाक्य मी बोलले! मी, जिचा मोबाइल दर दोन वर्षांनी म्हातारा होतो!

मग हातोडी आणवली. पखवाजाच्या वाद्या ज्या लाकडी गठ्ठ्यांवरून जातात, ते ठोकायला लावले. इंदू ठोकत होती, घाम पुसत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी डावं तोंड धुतल्यासारखं स्वच्छ झालं. थाप मारली की धूम् नाही, टप्! रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर बोट मारावं तसं. आणि काठी? शंभर!

तिथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण गप्प बसणं हा विषय आमच्या शाळेत आठवीला होता.

"म्हणजे दहिसरचा परीक्षक खरंच बोलला होता," मी म्हणाले. "इंदू, यंदापुरतं चेंबूरच्या माणसाला विचारूया."

जिच्यासाठी मी कंबर कसून उभी राहिले होते, तिच्याच कमरेत लाथ घातली होती मी. इंदूने पखवाज खोळीत घातला. उतरवलेली कणीक वाटीत गोळा केली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"चाळीस वर्सां माझो हात ऐकलंस, तेचा काय नाय. आता ह्या मशीनच वाजव गो."

पखवाज खांद्याला लावला आणि गेली. खाली रिक्षेचा आवाजही आला. समोरच्या बिल्डिंगमध्ये जायला रिक्षा! इतकी संतापली होती. (नंतर कळलं, ती पखवाज घेऊन थेट बहिणीकडे मुलुंडला चालली होती. नाक्यावरून परत फिरली, कारण गॅसवर दूध ठेवल्यासारखं वाटलं.)

इकडे मी खुर्चीवर बसले. प्रतिभा लॅपटॉपकडे टक लावून उभी होती.

"शालनताई."

"काय?"

"पखवाज रिक्षात बसून गेला."

"मग? मी बघितलं ना."

"तुमची काठी इथेच आहे."

मी वळून बघितलं. लाल काठी शंभरावर ताठ! हॉलमध्ये ना पखवाज, ना इंदू, ना कणीक.

आता दुसरी कोणी असती तर तिथल्या तिथे कपाळावर हात मारला असता. मी म्हणाले, "घुमतोय अजून. मोठा हॉल आहे."

"दहा मिनिटं?"

मी पुढचं कारण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या कोपराजवळ "खट्" झालं. पाणी गार झालं आणि कूलर आपोआप बंद झाला. आणि काठी? बसली की खाली! जमीनदोस्त! मी श्वास रोखून उभी. दोन मिनिटांनी कूलर परत "घूंऽऽ" करून सुरू झाला आणि काठी पुन्हा शंभरावर, सलाम ठोकून!

दीड तास मी कूलरला काळी चार पट्टीत लावत होते.

अहो, विजेची घूंघूं ती! पन्नासच्या पटीत येते, शंभरावर तर हमखास. कारखान्यात या घूंघूंपायी मी किती रेडिओ परत पाठवलेत! झोपेत ओळखायचे मी ती! आणि लाल काठीच्या थाटात दिसली तर ओळखली नाही. इंदूची थाप येऊन जाणारी आणि कूलर दिवसभर टिकून राहणारा. "जो टिकतो तो खरा" हा नियम कोणी केला होता? मीच.

बायका हसत होत्या. हसू दे. मी लॅपटॉप काखेत मारला आणि जिना उतरले.

इंदूने दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही.

"कित्या इलंस?"

"चुकलं माझं."

"काय चुकला?"

"तुझा पखवाज समजून मी कूलर ऐकत होते."

तिचा चेहरा एवढासुद्धा हलला नाही. "दीड तास?"

"दीड तास."

"आणि तेका चेंबूरचो माणूस होयो होतो?"

मी मान खाली घातली. बाहत्तर वर्षांत मी फार थोड्या वेळा मान खाली घातली आहे, त्यामुळे सवय नाही. मानेत उसण भरल्यासारखं झालं. इंदू बाजूला सरली. "ये भितर. पण आता सगळ्यांसमोर सांगूक होया."

"सांगते की! पण आकडा तर बघू दे!"

इंदूने फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, वाटीतली कणीक पाणी लावून मळली आणि डाव्या तोंडावर चढवली. गठ्ठे सारखे केले. मान तिरकी करून, कान लावून, थाप मारत बसली. माझ्याकडे, लॅपटॉपकडे, कुठेच बघितलं नाही. आपल्या कानाला पटल्यावर म्हणाली, "बघ तुझा मशीन."

मी बघितलं. एकशे चार. ना इकडे, ना तिकडे.

"बघ! बघ!" मी ओरडले. "मी म्हणत नव्हते? इंदूचा सूर लागलेला आहे!"

"तू म्हणत होतंस?"

"सुरुवातीला म्हणत होते!"

ती हसली एकदाची. मला वाटलं, संपलं. पण चाळीस वर्षं पखवाज वाजवणारी बाई सम सोडून देते होय? पदराला हात पुसत म्हणाली, "शालन, पखवाज बरो आसा. मग दहिसराक उतरलेलो सूर कोणाचो?"

"पेटी असेल."

"पेटी उतरता?"

आता पेटी उतरत नाही, हे मलाही माहीत आहे. मी म्हटलं, झांजा. तिने फक्त बघितलं. मग म्हणाली, "तू गा बघू. सा लाव."

मी कशाला भिऊ? हद्द वाढवली, बसले ताठ, लावला सा. माझी काठी यायला हवी दोनशे आठवर. आली दोनशे एकवर.

"माइक खराब आहे," मी म्हणाले.

परत लावला. दोनशे. जोर काढून लावला, तर एकशे नव्व्याण्णव! म्हणजे मी जितकी जास्त गाते, तितकी जास्त उतरते!

"कुठलं तरी मशीन चालू असणार," मी म्हटलं. "काहीतरी घुमतंय इथे."

इंदू शांतपणे म्हणाली, "फ्रिज बंद आसा. पंखो बंद आसा. आता घुमता ता तूच."

आता तुम्ही म्हणाल, मग मी खजील झाले असेन. अजिबात नाही! गळा बाहत्तर वर्षांचा आहे, तो थोडा खाली बसला तर त्यात लाज कसली? दुसऱ्या दिवशी मंडळ जमवलं. कूलरचं सगळं सांगितलं, इंदूची माफी सगळ्यांसमोर मागितली, माझ्या गळ्याचा आकडाही सांगितला. मग जाहीर केलं, "मी काही वर येणार नाही. तुम्ही खाली या. आजपासून काळी तीन."

प्रतिभा म्हणाली, "अहो, पंधरा वर्षं आपण काळी चारलाच गातोय."

"मग आता सोळावं आहे."

रविवारी दहिसरला गेलो. नऊच्या नऊ जणी, चेंबूरचा एकही नाही. आमची पाळी आली. इंदू स्टेजवर मांडी घालून बसली, पखवाज पुढ्यात घेतला आणि डबा उघडून कणीक लावायला लागली. पट्टी खाली आणलेली, त्यामुळे गोळा चांगला मोसंबीएवढा. तोच गेल्या वर्षीचा आयोजक हातात माइक घेऊन आला. पखवाजाशी पुन्हा इंदूच बसलेली बघून आधी त्याचं तोंड आंबट झालं, मग म्हणाला, "काय आजी, यंदा एवढी कणीक?"

आणि गमतीत त्याने माइक तिच्या तोंडापुढे धरला. चालू माइक! समोर हजारभर माणसं, पहिल्या रांगेत परीक्षक, आणि मी पुढ्यात, मुख्य गायिका, डोक्यात गजरा घालून.

इंदूने गोळ्यावर अंगठा दाबत सावकाश सांगितलं, "काय करतलंय? ह्या शालनच्या गळ्यातली काय निघणा नाय, म्हणान पखवाजाक वाढवतंय."