चौथा रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही — तिथेसुद्धा मी गोलगोलच बोलले. तुम्हाला का सांगतेय? तेही नीट कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी अंगणवाडी सेविका. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात आणि माझी निम्मी पोरंही त्यांच्याबरोबर. अठरा वर्षं झाली या कामाला, आणि सगळ्यात जास्त काय केलं असेल तर रजिस्टरं भरली. आता तुमच्यापाशी कशाला लपवू — एखादं पोर काट्यावर उभंच राहिना, रडून लालबुंद झालं, तर मागच्या महिन्याचं वजन बघायचं, त्यात पाव किलो घालायचं आणि पुढच्या पोराला हाक मारायची. तक्ता चढता दिसला की वरून कुणी विचारत नाही. एवढ्याशानं काय होतं, असं मला खरोखर वाटायचं.

आमचे हे शिवणकाम करतात. गावात त्यांना टेलरच म्हणतात. मोठा बोलका माणूस. गिऱ्हाइकाच्या सुटलेल्या पोटावर दोन शब्द ऐकवल्याशिवाय टेप सोडायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या गणवेशांचं काम आलं आणि ह्यांचा हात थांबला. कापड बेतून ठेवलेलं, टेप गळ्यात, आणि हे नुसते मशीनकडे बघत बसलेले. ‘जमंना,’ एवढंच म्हणायचे. आधी मी चिडले. आळशीपणा म्हणाले, तोंडावर म्हणाले. मग जेवण तुटलं, झोप तुटली, आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी आम्हाला नगरला पाठवलं.

नगरच्या डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं. हा आजार आहे, याला गोळी आहे, पण गोळी आज घेतली आणि उद्या बरं वाटलं असं होत नाही. काही आठवडे जातील. सुरुवातीला मळमळेल, बेचैनी वाढल्यासारखीही वाटेल. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, रोज चार गोष्टी लिहून ठेवा — झोप, जेवण, बोलणं, आणि चौथी, जगणं नको झाल्यासारखं काही बोलले का. पंधरा दिवसांनी वही घेऊन या, पण चौथ्यात काही आलं तर तोवर थांबू नका, लगेच फोन करा. मी मान हलवली. घरी आल्याबरोबर वही काढली, पट्टीनं चार रकाने आखले. रकाने आखणं तर माझ्या हातचा मळ.

पहिले पाच दिवस मी खरं लिहिलं. सहाव्या दिवशी ‘दीड तास झोप’ लिहायला पेन टेकवलं — आणि लिहिलं तीन तास. का? मला खरंच प्रश्न पडतो. मी चौकस बाई आहे, बंद पडलेला मिक्सरसुद्धा उघडून बघितल्याशिवाय दुरुस्तीला देत नाही. पण हे आत काय झालं ते मला अजून उघडता आलेलं नाही. भीती होती का, की मॅडम ह्यांना दवाखान्यात ठेवून घेतील? थोडी होती. लिहिलं की तसं होईल, असं वाटलं का? तेही थोडं. नाहीतर अठरा वर्षांचा हात आपोआप चालला? एकदा तीन लिहिलं की दुसऱ्या दिवशी साडेतीन लिहावंच लागतं. दहाव्या दिवशी मी लिहिलं, रात्रभर झोप. एक भाकरी खाल्ली तर दोन. बोलणं — ठीक. ज्या माणसानं दिवसभरात तोंड उघडलं नव्हतं, त्याच्यापुढे बसून मी लिहिलं, ठीक.

पंधरा दिवसांनी मॅडमनी वही चाळली आणि म्हणाल्या, किती छान नोंद ठेवलीय तुम्ही! गोळी आहे तीच, तेवढीच चालू ठेवू. मला बरं वाटलं हो. ते मला सगळ्यात जास्त खुपतं — मला बरं वाटलं. हे शेजारी हात गुडघ्यांत दाबून बसले होते. मॅडमनी विचारलं तर ‘हिनं लिहिलंय तसंच’ म्हणाले. बाहेर एसटीची वाट बघताना मात्र माझ्याकडे न बघता म्हणाले, “वहीत मी बरा हाय. मग मला का तसं वाटंना?”

त्याच वेळी परत आत जाता आलं असतं. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. मी म्हणाले, वाटेल हळूहळू.

पण मी अजून तुम्हाला झोपेचं आणि भाकरीचंच सांगतेय. चौथ्या रकान्याचं सांगितलंच नाही.

मॅडमकडे जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. दुपारी मी मटकी निवडत बसले होते. हे भिंतीला टेकून होते. अगदी सहज, पाणी आलं का विचारावं तसं म्हणाले, “मी नसतो तर तुझं लई बरं झालं असतं.” मी मटकी निवडत राहिले. ऐकू आलं नाही असं दाखवलं. संध्याकाळी वही घेतली आणि चौथ्या रकान्यात लिहिलं — नाही. फोन माझ्या उशापाशी होता, त्यात मॅडमचा नंबर होता.

नगरहून वही दाखवून आलो, त्याच्या पुढच्याच आठवड्यात ह्यांनी त्यांची मोठी कात्री शेजारच्या गावच्या टेलरला देऊन टाकली. लग्नाच्या आधीपासूनची कात्री, मला हात लावू द्यायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “मला काय करायचीय आता.” मी फोन केला, त्याच दिवशी जीप करून नगरला नेलं, आणि जीपमध्ये बसून त्या दिवसापुरतं सगळं खरं एका सुट्या कागदावर लिहिलं. वहीतली पानं तशीच ठेवली.

मॅडम गोंधळल्या. इतकं छान चाललं होतं, मग या आठ दिवसांत झालं काय? त्या माझ्याकडे बघत होत्या. मी वहीकडे बघत होते. उत्तर ह्यांनी दिलं. “माझंच काय तरी चुकलं आसंल, मॅडम.”

मी ते तसंच राहू दिलं. माझं खोटं त्या माणसानं आपल्या अंगावर घेतलं, आपण कसलं खोटं घेतोय हेही त्याला माहीत नव्हतं.

मॅडमनी गोळी बदलली, दर आठवड्याला बोलावलं, ह्यांना एकटं सोडू नका म्हणाल्या. मी सोडलं नाही. हळूहळू, फार हळूहळू, हे माणसात आले. आता शिवतात, लोकांच्या पोटांवर परत बोलतात. आणि येईल त्याला सांगतात, हिच्या वहीनं मला वाचवलं.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली मंदा आली होती. तिचा नवरा पाथर्डीच्या जीपवर ड्रायव्हर. त्यालाही त्याच गोळ्या सुरू झाल्यात. ह्यांनी मोठ्या हौसेनं तिला माझी वही दिली. बघून बघून लिही, म्हणाले. ती दोन दिवसांनी वही परत द्यायला आली. जरा टेकली आणि हळूच म्हणाली, “ताई, चौथ्या रकान्यात समदीकडं न्हाईच हाय. टेलरभाऊंच्या मनात कधीच आलं न्हाई का तसलं?”

मी म्हणाले, नाही.

ह्यांनी मशीनवरून मान वर केली. आठवत होतं का त्यांना? मी विचारलेलं नाही. मंदाला म्हणाले, “हिच्या वहीत न्हाई म्हंजी नसंलच.”

मंदाचं तोंड उतरलं. सगळ्या गावात आपल्याच घरात असलं काही आलंय, असं वाटून ती उठली. मला राहवलं नाही. मी दारापर्यंत गेले आणि म्हणाले, तू मात्र खरं असेल तेच लिही गं, आणि डॉक्टरांना आधी तेच दाखव.

ती म्हणाली, “व्हय ताई. तुमच्यावानीच लिहिते.”