पाचच्या भोंग्यानंतरचं ‘पूछो’

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. न छापलेली मात्र जन्मभर सोबत राहते! संपादकाने कापलेल्या, साहेबलोकांनी दाबलेल्या आणि ‘यात बातमी काय आहे?’ म्हणून परत आलेल्या अशा कितीतरी गोष्टी माझ्याकडे पडून आहेत. त्यातल्या निम्म्या एकाच खोलीतल्या निघाव्यात, हे जरा नवलच.

ही खोली म्हणजे भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधला, कारखान्याच्या वसाहतीतला, कॉम्प्युटर सेक्शन. कम्युनिटी हॉलच्या मागे, कडुलिंबाखाली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, कारण धुळीने मशीन बिघडतं. एसीही मशीनसाठीच, माणसांना फुकटात मिळायचा. आत तिघं. प्रमुख मोहरीरसाहेब, मूळचे नागपूरचे, बोलता बोलता खिडकीबाहेर हरवणारे. प्रोग्रॅम लिहिणारी अलका भुसारी. आणि ऑपरेटर कमरभाई, अस्सल भोपाळी.

इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या खरखरीतून घरात येत होतं. या तिघांनी क्वार्टर्समधून वायर टाकून टाउनशिपचं स्वतःचं जाळं विणलं आणि त्यावर एक पान ठेवलं, ‘पूछो’. चौकटीत प्रश्न लिहा, उत्तर येईल. लोक काय विचारतात, कधी विचारतात, त्यावरून मशीन स्वतःच शिकत जाईल.

“एक दिवस त्याला टाउनशिप पाठ होईल,” मोहरीरसाहेब म्हणायचे, “आईला घर पाठ असतं तशी.”

मॅनेजमेंटला मात्र ही खोली क्रीडा मंडळाला द्यायची होती. कॅरमसाठी!

*

पहिल्याच आठवड्यात गोंधळ. आमच्याकडची माणसं सभ्य. मशीनलासुद्धा लिहायची, “भाईसाब नमस्ते, ज़रा बताइए, गैस की गाड़ी कब आएगी?”

मशीन बिचारं एकेक शब्द शोधायचं. ‘भाईसाब’, ‘नमस्ते’ आणि ‘ज़रा’ हे तिन्ही शब्द खच्चून भरलेलं पान एकच होतं. एका बड्या साहेबांच्या निरोपसमारंभातली भाषणं! इंद्रपुरीच्या बाजूच्या बायका सिलिंडरची वाट पाहत बसल्या आणि पडद्यावर ‘आपकी कमी हमेशा खलेगी’ वाचत राहिल्या.

कमरभाई धावत आले. “को खां, ये मशीन पगला गई क्या? गैस मांगो तो बिदाई दे रई है!”

अलकाने मशीनला असले शब्द वगळायला शिकवलं. लगेच फरक पडला, गॅसची गाडी सापडायला लागली. मोहरीरसाहेब मात्र दिवसभर खिडकीबाहेर बघत राहिले. संध्याकाळी म्हणाले, “अलका, आपण त्याला पहिला धडा कोणता दिला बघ. नमस्कार ऐकू नकोस!”

*

पुढे ‘पूछो’वर माणसंही शोधता येऊ लागली. ज्याला लोक जास्त विचारतात, त्याचं नाव वर. पहिला आला रामचरण, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडणारा. जनरल मॅनेजर चौथ्या पानावर!

आमचे जनसंपर्क अधिकारी चपला न काढताच खोलीत घुसले. “सीनियॉरिटी नाम की कोई चीज़ है कि नहीं?”

“सर, ही शोधायची यादी आहे, प्रमोशनची नाही,” अलका म्हणाली.

“पदानुसार लगाओ! आज ही!”

लावली. मग कोणी ‘डॉक्टर’ शोधलं की आधी जीएम. ‘प्लंबर’ शोधलं तरी आधी जीएम. बंगल्यावर फोन सुरू झाले. कोणाच्या पोराला ताप, कोणाचा नळ गळतोय, कोणाला पूजेला गुरुजी हवेत. मेमसाहेबांनी दोन पत्ते तर सांगूनही टाकले म्हणे!

तिसऱ्या दिवशी जीएमसाहेबांचा स्वतःचा फोन आला. “भाई, मुझे चौथे पन्ने पर ही रहने दो!”

*

त्याच हिवाळ्यात गेस्ट हाउसमध्ये मोठं चर्चासत्र झालं. विषय, वेब इंटेलिजन्स आणि उद्याचं संगणकशास्त्र. दिल्ली-मुंबईहून विद्वान आले. गुळगुळीत पुस्तिका वाटल्या. भाषणांत सांगितलं की उद्याचं जाळं नुसतं शोधणार नाही, समजून घेईल. माणसाने विचारण्याआधी ओळखेल. टाळ्या!

मी उठून विचारलं, “हेच काम इथून हाकेच्या अंतरावर, कडुलिंबाखाली चालू आहे. ती खोली कॅरमला देताय. बघायला कोण येतंय?”

अध्यक्ष म्हणाले, “लंच के बाद देखते हैं.” लंचनंतर त्यांना भीमबेटका बघायला नेलं. दहा हजार वर्षांपूर्वीची चित्रं बघायला वेळ होता!

मी तावातावाने लांबलचक बातमी लिहिली. छापून आली ती चार ओळींत, करोंद मंडीतल्या गव्हाच्या भावाखाली. मी ती दाखवली तर मोहरीरसाहेब हसले. “वाईट काय? गहू लोक रोज बघतात.”

*

आता एका रिकाम्या चौकटीची गोष्ट.

कोणी काहीच न लिहिता बटण दाबलं, तर मशीनने काय करावं? अलका म्हणाली, ‘प्रश्न लिहा’ असं दाखवू. मोहरीरसाहेबांना पटेना.

“आपल्या दारात कोणी न बोलता उभं राहिलं, तर आपण ‘अर्ज भरा’ म्हणतो का? ‘या’ म्हणतो. बिचाऱ्याला सुचत नसेल काय विचारायचं. त्या जागेवरून, त्या वेळेला माणसं काय विचारतात ते मशीनला ठाऊक आहे ना? मग त्याचं उत्तर द्यावं.”

तसं केलं. सकाळी रिकामं बटण दाबलं की पाण्याची वेळ. दुपारी सोनागिरीच्या बाजाराची बस. लोकांना गंमत वाटायची. रिकाम्या चौकटीपुढे बसून ते आपल्याच मनात काय आहे ते बघायचे.

मोहरीरसाहेबांचा स्वतःचा एकच प्रश्न होता. पाचचा भोंगा झाला की ते मराठीत लिहायचे, “रजनी घरी आली का?” रजनीताई त्यांच्या पत्नी, टाउनशिपच्या शाळेत शिकवायच्या. मशीन शाळेचं वेळापत्रक बघायचं, त्यात त्या वेळेला त्यांचा तास नसला तर सांगायचं, “आली.” असला तर, “अजून नाही.” ‘आली’ दिसलं की साहेब डब्याची पिशवी उचलून निघायचे. अजून नसल्या तर कडुलिंबाखाली रेंगाळायचे.

“मियां, फोन कर लो,” कमरभाई चिडवायचे.

“फोनवर ती रागावते. हे रागावत नाही!”

मग रजनीताई गेल्या. छोटंसं आजारपण, आणि संपलं. शाळेने वेळापत्रकातून त्यांचं नाव काढलं. साहेबांनी तो प्रश्न लिहिणं सोडलं. भोंगा झाला तरी ते खुर्चीत बसून राहायचे. कुलूप लावायला थांबलेल्या कमरभाईंना रोज म्हणायचे, “तुम चलो, मुझे कोई जल्दी नहीं.”

*

आणि ही शेवटची.

खोलीचा निकाल लावायला कमिटी आली. साहेब महिन्याभरात निवृत्त होणार होते. मशीन बंद झालं, तर त्यांच्यामागे काहीच उरणार नव्हतं. फोटोसाठी मलाही बोलावलं होतं. क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी भिंती मोजायला टेप घेऊनच आला होता!

कमिटीचे अध्यक्ष करडे गृहस्थ. बूट मात्र त्यांनी मुकाट्याने काढले. मोज्यांवर उभे राहून म्हणाले, “हेडक्वार्टर्स का नया पैकेज आ रहा है. फिर इसकी क्या ज़रूरत? कुछ दिखाइए, वरना आज ही बंद करवा देते हैं.”

मोहरीरसाहेब मशीनपुढे बसले. हात कीबोर्डवर. आणि काही सुचेना! अलका कुजबुजली, “सर, गॅसची गाडी विचारा.” त्यांना ऐकूच गेलं नाही. सगळे बघतायत. सेक्रेटरीने टेप उलगडला.

तेवढ्यात पाचचा भोंगा झाला.

साहेबांचं बोट बटणावर पडलं. चौकट रिकामीच होती.

पडद्यावर एकच शब्द उमटला. “आली.”

“ये क्या लिखा है?” अध्यक्षांनी विचारलं. अलका माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. तिने हळूच मान हलवली. नाही, मी नाही केलं.

साहेब उठले. कितीतरी दिवसांनी घाईत दिसले. डब्याची पिशवी उचलली, अध्यक्षांना नमस्कार केला आणि म्हणाले, “माफ कीजिए, मुझे घर जाना है.” चपला घालून ते कडुलिंबाखालून सरळ निघून गेले.

अध्यक्ष बराच वेळ मोज्यांवर तसेच उभे होते.

शेवटी अलकाने विचारलं, “सर, बंद कर दूँ?”

ते पडद्याकडे बघतच म्हणाले, “आज नहीं!”