वर्षाच्या आत व्हिएन्ना

शेजारची बाई बेल कधी वाजवायची नाही. पंज्यानं दार बडवायची आणि ओरडायची, "यल्ला, लवकर उघडा, भाऊजी!" तुमच्याही इमारतीत अशी एक असेल. नसेल तर तुमचं नशीब फुटकं.

मी शारजात मुलाकडे राहतो. शाळा सातवीत सुटली, जन्म अबुधाबीजवळच्या मुसफ्फात वेल्डिंग करण्यात गेला. माझी बायको आणि ही बाई रोज दुपारी फोनवर व्हिएन्नाचे राजवाडे बघत बसायच्या. तिथला मोठा पिवळा राजवाडा बायकोच्या मनात भरला होता. दोन्ही जोडप्यांची तिकिटं काढली, व्हिसा आला, आणि बायको गेली. हार्ट अटॅक.

गावाहून थोरल्या बहिणीचा फोन आला, "वर्ष व्हायच्या आत फिरायला गेलास तर तोंड दाखवू नकोस." मुलगाही म्हणाला, "बाबा, कॅन्सल करू या. लोक काय म्हणतील?"

बाई तिथंच होती. "कुठले लोक? त्यांना संध्याकाळी दुबई-शारजा रस्त्यावर उभं करा. ट्रॅफिक सुटेपर्यंत बोलू देत." मग माझ्याकडे वळली. "मेली म्हणून तिनं ठरवलेलं रद्द होतं काय?" माझी बॅग तिनंच भरली.

व्हिएन्नात तिचा नवरा गुडघे धरून बाकावर बसायचा. ही दिसेल त्या जुन्या इमारतीत शिरायची, मी मागोमाग. पिवळ्या राजवाड्यात ही माझ्या बायकोशी मोठमोठ्यानं बोलत चालली. "अगं, झुंबर बघ. पुसतं कोण गं एवढं?" लोक वळून बघायला लागले.

मी म्हटलं, "बाई, हळू."

"का? तिला ऐकू कमी यायचं. विसरलात?"

स्मशानात मला रडू आलं नव्हतं. तिथं आलं, सोनेरी भिंतीपुढं, सगळ्यांदेखत. रडलो. लाज कशाची?

मोठ्या चर्चमध्ये लोक मेणबत्त्या लावत होते. हिनं पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि आमच्या मेणबत्तीला कुंकू लावलं. रखवालदार नो नो करत धावत आला. "सुहागन गयी है हमारी, समझे?" ही त्याला म्हणाली. तो कसला समजतोय! हिनं मेणबत्ती पेटवली, "खलास" म्हणाली आणि ताठ मानेनं बाहेर पडली.

परत आल्यावर बहिणीनं विचारलं, "गेला होतास?"

"गेलो होतो. तुझ्या भावजयीला घेऊन."

तिनं फोन आपटला. अजून केलेला नाही. न करू दे.

यंदा बाईच्या नवऱ्याची नोकरी संपली. इथं नोकरी गेली की व्हिसा जातो. दोघं नाशिकला गेली. सामान लिफ्टमध्ये घालताना तिनं विचारलं, "आता पुढं कुठं जाणार, भाऊजी?"

"एकटा कुठं जाऊ?"

"एकटे?" तिनं डोळे वटारले, आणि लिफ्टचं दार लागलं.

आता दुपारी आमच्या मजल्यावर कोणाचा आवाज नसतो. परवा मुलाला म्हटलं, प्रागचं तिकीट काढ. तो म्हणाला, "बाबा, वय बघा."

"बघितलं. काढ."

त्यानं फोन हातात घेतला. "खिडकीची सीट घेऊ तुम्हाला?"

"मला नको. खिडकीशी तुझी आई बसते."

"पण बाबा..."

"दोन काढ."