उंदराच्या पोटातले जंत

मंगरूळपीर रोडवर आमच्या घरामागं जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवायची भट्टी आहे. संशोधनासाठी मी तिथल्याच बांधावर पिंजरे लावते आणि सापडलेल्या रानउंदरांच्या आतड्यातले जंत काढून तपासते. उंदराच्या पोटात गेलेलं शिसं आधी हे जंतच शोषून घेतात. यकृतात सापडत नाही इतकं त्यांच्यात सापडतं.

परवा अंगणवाडीतून पोरीसाठी जंताची गोळी आली. ती हातात धरून मी नुसतीच उभी राहिले.

"अवं, काय पाहून राह्यली? दे ना तिले!" सासू खेकसली.

दिली. नाही दिली तर कारण काय सांगू? घर विकावं म्हटलं तर भट्टीशेजारी घेतं कोण? पोरीच्या पोटात आता जंत नाहीत. शिशाला वाटेत अडवणारंही कोणी नाही.